फोटोची हमी विकू नका : सह्याद्रीत फोटोग्राफी ट्रेक नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पावसाळी फोटोग्राफी ट्रेक, नाइट ट्रेल आणि काजवा ट्रेक नेणारे सर्व आयोजक आणि ट्रेक लीडर

सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की तुमच्या बॅचच्या तारखा व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. मेअखेरीपासून भंडारदरा आणि पुरुषवाडीचे काजवे, जून-जुलैत आंबोलीच्या रात्रीच्या फेऱ्या, ऑगस्टात हरिश्चंद्रगड, सप्टेंबरात कास. ठिकाणे वेगळी, दर वेगळे, पण अनेक पोस्टरवर एक ओळ थोड्याफार फरकाने तीच असते: 'मलबारी चापडा हमखास', 'काजव्यांचा फोटो गॅरंटीड', 'तिबोटी खंड्या, शंभर टक्के साइटिंग'. हे पत्र त्या ओळीसाठी आहे. ती काढून टाका.

ओळ छोटी आहे, पण पुढे जे बिघडते ते बरेचसे तिथूनच सुरू होते. पैसे भरून आलेल्या पंधरा जणांना रात्री अकरापर्यंत साप दिसलेला नसतो, पाऊस उघडत नसतो, परतीची गाडी ठरलेली असते. अशा वेळी झुडपात आत बसलेला चापडा हा विषारी साप लीडरला दिसला, की काठीने बाहेर घेऊन मोकळ्या फांदीवर ठेवण्याचा मोह होतो. लीडर वाईट असतो म्हणून नव्हे. जी गोष्ट आपल्या हातात नाही तिचे पैसे आधीच घेतलेले असतात म्हणून.

कायदा याबाबत आता पुरेसा स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना मिळतो. २०२२ च्या दुरुस्तीने त्या तरतुदीला एक अट जोडली: छायाचित्रण आणि चित्रीकरण करताना अधिवासात कोणताही बदल होता कामा नये आणि अधिवासाला किंवा वन्यजीवांना बाधा पोहोचता कामा नये. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. म्हणजे घरट्यासमोरची फांदी छाटणे, बेडकासाठी दगड उलटणे, पार्श्वभूमी साफ दिसावी म्हणून गवत उपटणे हे सगळे परवान्याच्या बाहेरचे. अभयारण्याची हद्द संपली म्हणून सुटका नाही, कारण अनुसूचीतल्या प्राण्याला पकडणे, पिटाळणे किंवा आमिष दाखवणे हे कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडते. फोटोसाठी साप पकडायच्या हुकाने उचललेला साप याच व्याख्येत बसतो.

पण केवळ कायद्याची भीती घालण्यासाठी आम्ही लिहीत नाही. या कामाची चांगली पद्धत अस्तित्वात आहे, ती शिकवता येते, आणि तिने फोटोही चांगले येतात. ती इथे तपशिलात मांडतो.

आंबोलीपासून सुरू करू, कारण तिथले जीव लहान आणि हाताच्या अंतरावर असतात. चापडा हा घात लावून बसणारा साप आहे. बेडूक, पाली ज्या वाटेने येतात अशी जागा धरून तो तिथे अनेक दिवस बसतो. आपण त्याला तीन फूट बाजूला ठेवले तर आपल्या लेखी काही बिघडलेले नसते. त्याची मात्र शिकारीची जागा जाते, आणि ती परत शोधताना तो उघड्यावर पडतो. शिवाय फोटोही खोटा पडतो. न छेडलेला चापडा शेपटीचा विळखा फांदीला घट्ट घालून, डोके खाली सोडून निवांत असतो. उचलून ठेवलेल्या सापाची मान मागे खेचलेली, अंग आकसलेले आणि शेपूट फांदीवर नुसती टेकलेली असते. ज्यांना साप कळतात त्यांना हा फरक पहिल्या नजरेत दिसतो.

अंतराचे सांगायचे तर बहुतेक साप अंगाच्या निम्म्या लांबीपर्यंतच झेप घेतात, तरी लेन्सचे टोक आणि साप यांच्यात एक मीटर हवाच. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स (लहान गोष्टी मोठ्या टिपणारी) एवढ्या अंतरावरून चापड्याचे डोके आणि वेटोळे व्यवस्थित भरते. हे अंतर सोडण्याआधी प्रत्येकाने एक गोष्ट ऐकलेली असावी: आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून तयार होते. चापड्याच्या विषासाठी ते बनलेलेच नाही. दंशाने माणूस सहसा दगावत नाही, पण सूज आणि वेदना भयंकर असतात, आणि डॉक्टरांच्या हातात लक्षणांवरचा उपचारच उरतो. आंबोलीहून सावंतवाडी साधारण तीस किलोमीटर, तीही घाट उतरून, धुक्यात. ट्रेकच्या आधीच्या बोलण्यात हे सांगा.

आता मोबाइलचा प्रश्न. बॅचमधल्या बहुतेकांकडे कॅमेरा नसतो, फोन असतो, आणि नव्या फोनमधला 'मॅक्रो मोड' अनेकदा अल्ट्रावाइड लेन्सवर चालतो. ती लेन्स विषयापासून दोन ते पाच सेंटिमीटरवर नेल्याशिवाय काही भरीव दिसत नाही. म्हणजे फोन धरलेला हात थेट सापाच्या तोंडाशी. हा मोड आपोआप सुरू होतो, त्यामुळे माणूस नकळत पुढे सरकत जातो. निघण्यापूर्वी सगळ्यांचे फोन हातात घेऊन ऑटो-मॅक्रो बंद करायला लावा आणि २एक्स किंवा ३एक्स लेन्स वापरायला सांगा. बेडकासाठी अर्ध्या मीटरवरून घेऊन नंतर कापलेला फोटो पुरेसा धारदार असतो. सापासाठी एक मीटरचा नियम फोनलाही तोच.

बेडकांचे वेगळे. त्यांची त्वचा ओली आणि झिरपणारी असते. पाणी, हवा आणि सोबत आपल्या हातावरचे सगळे ती आत घेते. सॅनिटायझर, डास पळवण्याचे मलम, सनस्क्रीन, घामातले मीठ. म्हणून बेडूक हातावर घेऊन फोटो नाही, हातमोजे घालूनही नाही. जळवांसाठी लोक बुटांना मीठ, तंबाखू किंवा डेटॉल चोळतात. पावसात ते सगळे धुऊन थेट वाटेवरच्या डबक्यात जाते, आणि त्याच डबक्यात बेडकांची पिल्ले असतात. जळवांचे मोजे विकत मिळतात, गुडघ्यापर्यंत येतात. तुमच्या साहित्याच्या यादीत टॉर्चच्या खाली ते लिहा आणि मीठ-तंबाखूवर बंदी घाला. बूट आधीच्या ट्रेकच्या चिखलासकट आणू नयेत, हेही त्याच यादीत हवे. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात नोंदली गेली आहे आणि ती ओल्या चिखलातून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. घरी ब्रशने चिखल काढून बूट पूर्ण वाळवणे एवढे तरी प्रत्येकाला जमते.

आंबोली टोड हा बेडूक जेमतेम दीड इंचाचा. शास्त्राला त्याची वेगळी ओळख २००९ मध्ये मिळाली आणि तो फार छोट्या पट्ट्यात सापडतो. पावसाच्या सुरुवातीला सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारावरच्या, कातळात जे बोटभर खोल पाणी साचते, त्यात त्याची वीण होते. दिवसा ते डबके म्हणजे नुसता ओला दगड वाटतो. टॉर्चच्या उजेडात कातळावर पसरून उभी राहिलेली बॅच नेमकी त्यातच उभी असते. सड्यावर एका मागे एक चालायचे, लीडरच्या पावलावर पाऊल टाकून, आणि पाणी साचलेल्या खळग्यात पाय नाही, कितीही उथळ असला तरी.

मलबारी उडत्या बेडकाचे फेसाळ घरटे पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला असते. त्याचे कारण सरळ आहे: अंड्यातून निघालेली पिल्ले खालच्या पाण्यात पडतात. फोटोसाठी फांदी आपल्याकडे वाकवून दोरीने किंवा दुसऱ्या फांदीत अडकवून ठेवली, आणि जाताना सोडायची राहिली, तर ती पिल्ले चिखलात पडतात आणि मरतात. फांदीला हात लावायचाच नाही, हा नियम त्यासाठी. घरटे उंचावर असेल तर ७०-३०० मिमीच्या लेन्सने खालून घ्या. खालचे पाणीही चौकटीत आले तर उत्तमच, कारण घरटे तिथे का आहे ते त्या एका फोटोत कळते.

रात्रीच्या फेरीचे प्रमाण आमच्या मते असे असावे: एका लीडरमागे सहा जण. एखादा जीव दिसला तर एका वेळी दोघेच पुढे, बाकीचे चार पावले मागे, टॉर्च जमिनीकडे. प्रत्येक जोडीला पाच मिनिटे, माणशी सात-आठ फ्लॅश. पंधरा मिनिटे झाली की सगळ्यांनी निघायचे, कुणाचा फोटो आला नसला तरीही. पंधरा जणांच्या बॅचने प्रत्येकी वीस वेळा फ्लॅश मारला तर एकाच बेडकावर तीनशे फ्लॅश पडतात. हिशेब एवढा साधा आहे. आणि फ्लॅशपेक्षाही जास्त त्रास सलग रोखलेल्या पांढऱ्या टॉर्चचा होतो. हाका मारणारा नर उजेड पडला की गप्प होतो, आणि तो गप्प असेपर्यंत मादी येत नाही. त्याचा फुगलेला गळा टिपायचा असेल तर टॉर्च बंद करून थांबा. आवाज परत सुरू झाला की बाजूने मंद लाल उजेड द्या, फोकस करा, पाच-सहा फ्रेम घ्या आणि उजेड काढून घ्या.

या कामाची मांडणी घरीच करून निघावे म्हणजे जिवासमोर खटपट करावी लागत नाही. मॅन्युअल मोड, लेन्सचे छिद्र एफ/११ ते एफ/१६ (आकडा मोठा तसे छिद्र लहान), शटर १/१६० किंवा १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ किंवा १/८ पॉवरला. एवढे लहान छिद्र लागते कारण जवळून घेताना फोकसची खोली काही मिलिमीटरच राहते. नाक धारदार आणि डोळा धूसर असा फोटो हमखास येतो. शटर १/२०० च्या पुढे नेले तर बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्रेमचा एक पट्टा काळा येतो. फ्लॅशवर प्रकाश पसरवणारा, पांढऱ्या पातळ कापडाचा किंवा फोमचा डिफ्यूझर हवाच. तो नसला तर ओल्या त्वचेवर पांढरे ठिपके जळतात, आणि मग ते घालवायला लोक परत परत फ्लॅश मारत बसतात. एका वहीच्या आकाराचा डिफ्यूझर विषयाच्या जवळ असला की पहिल्या तीन फ्रेममध्ये काम होते. हे सगळे हॉटेलच्या खोलीत लिंबावर करून बघायला लावा.

काजव्यांकडे वळू. इथे तर फोटोग्राफरचे आणि काजव्यांचे हित पूर्ण एक आहे, आणि तरीही दर वर्षी दोघांचेही नुकसान होते. पावसाच्या तोंडावर, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, नर उडत चमकतात आणि गवतात किंवा पानावर बसलेली मादी उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे, आणि जोडी जमण्याचे साधन तेवढा उजेडच. त्यावर गाडीचे हेडलाइट, मोबाइलचे फ्लॅश आणि डोक्यावरच्या टॉर्च पडल्या की ते उत्तर दिसेनासे होते. मादी आणि अळ्या जमिनीलगत असतात. अळ्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. झाडाखाली जाऊन उभे राहिलेले पाय पुढच्या वर्षीचे काजवे तुडवत असतात.

काजव्यांनी भरलेल्या झाडाचा फोटो एका क्लिकमध्ये येत नाही, हे आलेल्यांना आधीच सांगा. निम्मी गडबड त्याने थांबते. भंडारदऱ्याला जूनच्या सुरुवातीला सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास. त्याआधी पोचून गाडी गावात लावायची आणि चालत जायचे. झाड निवडून वाटेवरच तिपाई घट्ट रोवायची. तिच्या मधल्या हुकाला बॅग टांगायची. अंधार पडण्यापूर्वी झाडाच्या खोडावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाकायची आणि फोकसच्या कड्याला चिकटपट्टी लावायची, नाहीतर अंधारात हात लागतो आणि पुढचा अर्धा तास वाया जातो. साडेसातच्या आसपास, आकाशात निळा उजेड असताना, झाडाचा एक फोटो आयएसओ १०० वर घेऊन ठेवायचा. मग काजवे सुरू झाले की कॅमेरा जरादेखील न हलवता एफ/२ किंवा एफ/२.८, आयएसओ १६००, २५ सेकंदांच्या फ्रेम, मध्ये एका सेकंदाचे अंतर. साठ फ्रेम म्हणजे सुमारे पंचवीस मिनिटे. घरी संगणकावर सगळ्या फ्रेम एकावर एक ठेवून 'लाइटन' मोडमध्ये जोडल्या की प्रत्येक फ्रेममधला उजेड तेवढा वर येतो आणि झाड भरून दिसते.

कॅमेऱ्यातले लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करायला विसरू नका. ते चालू असेल तर प्रत्येक २५ सेकंदांनंतर कॅमेरा आणखी २५ सेकंद नुसता थांबतो, म्हणजे निम्मे काजवे नोंदलेच जात नाहीत. फोकसला मदत करणारा दिवा बंद, फोटो घेतल्यावर पडदा उजळणे बंद, कार्ड-दिव्यावर काळी पट्टी. या वेळात कुणी टॉर्च लावली तर ती फ्रेम फेकून द्यावी लागते. एखादी गाडी वळली तर दोन-तीन. म्हणून फोटो घेणाऱ्यांची आणि नुसते बघायला आलेल्यांची बॅच एकाच झाडापाशी नेऊ नका. फोनवाल्यांना सांगा की इथे फोन खिशात ठेवा. हे कठोर वाटेल, पण हातात धरलेल्या फोनमध्ये काजव्यांचे झाड येत नाही, आणि ते 'गॅरंटीड' म्हणून विकले गेले तर लोक फ्लॅश लावून प्रयत्न करणारच.

तिबोटी खंड्याबद्दल थोडेच, पण महत्त्वाचे. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या कडेत तो बीळ करतो आणि पिल्लांना सरड्यासारखे सापसुरळे, खेकडे, बेडूक भरवतो. बिळासमोर आपल्या सोयीची फांदी रोवून दहा कॅमेरे लावणे सर्रास चालते. एक खूण शिकून घ्या: पक्षी चोचीत चारा धरून बाजूच्या फांदीवर बसून राहिला, मान वरखाली करत राहिला आणि बिळात गेला नाही, तर तो तुमच्यामुळे अडला आहे. त्या क्षणी उठायचे आणि नजरेआड व्हायचे. पिल्लांच्या एका खेपेचा घास तुमच्या थांबण्याने चुकतो. स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे विणीच्या काळात अजिबात नको. प्रतिस्पर्धी आला असे समजून तो अंडी-पिल्ले सोडून भांडायला येतो. आमचे मत विचाराल तर घरट्यावरच्या बॅच बंदच कराव्यात.

मग हमी नसेल तर लोकांना द्यायचे काय? शिकवणे द्या. आणि जी गोष्ट पावसाळ्यात पळून जात नाही ती दाखवा, म्हणजे स्वतः डोंगर.

धबधबा रेशमासारखा यावा म्हणून सगळे ३० सेकंदांचे शटर लावतात आणि पांढरा गोळा घरी नेतात. भरलेल्या ओढ्याला पाव सेकंद ते एक सेकंद पुरतो. त्यात पाण्याची धार, तिची दिशा आणि दगडावरचे फुटणे दिसते. एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००, तिपाई. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) मात्र अवश्य. ओल्या पानांवरची आणि काळ्या कातळावरची चमक तो कापतो आणि हिरवा रंग उघडा पडतो. त्याचे दीड-दोन स्टॉप उजेड अडवणेही इथे कामाला येते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). नाणेघाटातले वाऱ्याने उलटे उडणारे पाणी घ्यायचे असेल तर याच्या बरोबर उलट: १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर, मागे काळा कडा, नाहीतर धुक्यावर पांढरे पाणी दिसतच नाही.

धुक्यात कॅमेऱ्याचे मोजमाप फसते. सगळीकडे पांढरे दिसल्याने तो फोटो राखाडी करतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. ऑटोफोकस धुक्यात पकड शोधत फिरत राहतो, तेव्हा एखाद्या काळ्या सुळक्यावर फोकस धरून मॅन्युअल करा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र (धुक्यात उमटणारे गोल इंद्रधनुष्य) दिसते ते सकाळी, कारण कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे: सूर्य पाठीमागे आणि धुके समोर खाली, अशी मांडणी त्याच वेळी जुळते. त्याच्या वर्तुळाचा मध्य म्हणजे बघणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली. प्रत्येकाला आपापले वर्तुळ दिसते. म्हणून 'नेमकी जागा' अशी काही नसते आणि एकाच टोकावर रेटारेटी करण्याचे कारणच उरत नाही. हे लीडरने कड्यावर पोचण्याआधी सांगितले तर गर्दी आपोआप पांगते. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळे आपण उभे आहोत त्या दगडाखाली काय आहे ते वरून कळत नाही. काठावर झोपूनच जायचे, एका वेळी एक, पाय धरायला मागे माणूस. वाऱ्यात तिपाई काठापासून तीन मीटरच्या आत नको. आणि डोळा व्ह्यूफाइंडरला असताना पाऊल हलवायचे नाही, मागेही नाही. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यावर रील करताना एक तरुणी दरीत पडून मरण पावली. पडद्यात बघत असलेल्या माणसाला काठ दिसत नाही.

कॅमेऱ्याचे पावसापासून रक्षण हा एक अख्खा तास शिकवण्याचा विषय आहे. साधी जाड प्लास्टिकची पिशवी, तळाला लेन्सच्या हूडएवढे भोक, रबराने आवळलेले. महागड्या कव्हरइतकेच काम होते. पावसात लेन्स बदलायची नाही. एसी गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा काढला तर काच धुकटते आणि पुसली तरी परत धुकटते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत येऊ द्यावी. परतल्यावर ओलसर बॅगेतच कॅमेरा आठवडाभर राहिला की लेन्सवर बुरशीचे धागे चढतात. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत आर्द्रता ४० ते ५० टक्के. सिलिका जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर तापवून परत वापरता येते, फक्त ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

कासच्या पठारावर मातीचा थर अनेक ठिकाणी काही सेंटिमीटरच आहे, खाली सगळा जांभा. दवबिंदू, सीतेची आसवे, गेंद ही फुले त्या पातळ ओल्या थरात उगवतात आणि एवढी बुटकी असतात की त्यांच्या पातळीवर यायला माणूस आडवा होतो. एक माणूस आडवा झाला की त्याच्या अंगाखाली शेकडो रोपे जातात. पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. ते पुरेसे ठरत नाही. आखलेल्या वाटेवरूनच, कडेला बसून, ७०-३०० किंवा १०० मिमीच्या लेन्सने, पडदा वर वळवून फोटो घ्या. वाटेला लागूनच जी फुले असतात तीच आत असतात. पंपाने पाण्याचे थेंब उडवणे आणि मधले गवत कापणे थांबवा. ऊन आले तर पांढरी छत्री धरा, प्रकाश मऊ होतो.

पावसाळा संपला की गडांवर रात्री स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा) पेटवून गोल फिरवण्याचे फोटो सुरू होतात. ठिणग्या दूरवर उडतात आणि वाळलेल्या गवतात पडतात. हा प्रकार जंगलात पूर्ण बंद हवा, पाण्याची बाटली जवळ ठेवूनही नको. ड्रोनचेही तसेच: हिवाळ्यात उभ्या कड्यांवर गिधाडे आणि शाहीन ससाण्यांची वीण असते, आणि कड्याच्या तोंडासमोर तरंगणारे यंत्र त्यांना घरट्यावरून उठवते. संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय ते उडवणे गुन्हाही आहे.

जागा गुप्त ठेवणे आयोजकांना जड जाते हे आम्हाला कळते. ठिकाणाचे नाव हीच तुमची जाहिरात असते. तरी घरटे, बीळ, चापड्याची फांदी, टोडचे डबके यांचे नेमके ठिकाण ग्रुपवर टाकू नका. फोन आणि कॅमेऱ्यातले लोकेशन बंद करून निघा, आणि फोटोखाली तालुक्याच्या पुढे लिहू नका. नेमकी खूण मिळाली की दुसऱ्या दिवशी चार गाड्या येतात, आणि त्यांत जीव पकडून विकणाराही असू शकतो.

पायथ्याच्या गावातल्या वाटाड्याला प्रत्येक फेरीला घ्या आणि त्याला तुमच्या लीडरएवढे पैसे द्या. 'आज इथे थांबायचे नाही' हे सांगण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे, आणि त्याचे बोलणे शेवटचे मानले जाईल हे बॅचला सुरुवातीलाच कळवा. त्याची कमाई दिसलेल्या सापांच्या संख्येवर कधीही ठरवू नका. बक्षिशीसुद्धा नको, कारण मग हमीचा दबाव तुमच्यावरून त्याच्यावर सरकतो.

या हंगामाची पोस्टर अजून छापायची असतील तर 'हमखास' आणि 'गॅरंटीड'च्या जागी हे लिहा: 'प्राणी दिसतीलच असे नाही. कोणताही जीव हाताळला, हलवला किंवा बोलावला जाणार नाही. बॅच सहा जणांची. रात्रीच्या मॅक्रोची, धबधब्याची आणि पावसात कॅमेरा सांभाळण्याची प्रत्यक्ष शिकवणी.' दर वाढवावा लागेल, कारण सहा जणांत पंधरांचा खर्च निघत नाही. तो वाढवा. आमच्यापैकी जे शिकवू शकतात ते पहिल्या काही बॅचना मोबदला न घेता येतील. या पत्राखाली तुमच्या तारखा लिहा.

आपले,
सह्याद्रीत कॅमेरा घेऊन फिरणारे काही जण